ही ‘पाहाट’ कोणी केली?

माझ्या एका दिवंगत मित्राचा लेख गेल्या वर्षी मी पुन्हा वाचायला घेतला. तो मूळ छापला गेला तेव्हा त्याची प्रुफे मीच तपासली होती. पुढे त्या नियतकालिकाने आपले जुने अंक संगणकावर चढवले, आणि आता तो लेख कोणालाही घरबसल्या वाचता येतो असे कळले म्हणून मोठ्या हौसेने मी तो उघडला. पहिल्याच परिच्छेदात ‘पाहाट’ झाली होती. दुसऱ्यात गडावर ‘पाहारा’ बसला होता, आणि तिसऱ्यात समोर सह्याद्रीचे ‘पाहाड’ उभे होते. मित्र माझा कोकणातला, तोंडाने तिखट आणि शब्दाच्या बाबतीत अत्यंत सोवळा. हयात असता तर दुसऱ्याच दिवशी छत्री उगारून त्या कचेरीत गेला असता. तो नाही, म्हणून मी गेलो. छत्री मात्र घरी ठेवून.

तिथे संगणकासमोर एक मुलगी बसली होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, मार्चमध्ये आपला नियम बदलला ना! ‘पहा’ लिहायचं नाही, ‘पाहा’ लिहायचं. मग जुन्या सगळ्या लेखांत एकदम बदलून टाकलं. एका मिनिटात झालं.”

एका मिनिटात झाले, ह्यात संशय नाही. ‘पहा’ ही दोन अक्षरे जिथे जिथे दिसली तिथे तिथे यंत्राने ‘पाहा’ केले. ती दोन अक्षरे आज्ञार्थी क्रियापद म्हणून आली आहेत की पहाटेच्या पोटात निजली आहेत, ह्याची चौकशी करण्याचे काम यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. गंमत अशी की, मराठी साहित्य महामंडळाचा मूळ नियम ह्या बाबतीत इतका कठोर नाही. ‘रहाणे, पहाणे, वहाणे’ असे न लिहिता ‘राहणे, पाहणे, वाहणे’ असे लिहावे, एवढे तो सांगतो, आणि आज्ञार्थात ‘पाहा’बरोबर ‘पहा’लाही मोकळीक ठेवतो. म्हणजे जो नियम कोणी केलाच नव्हता, तो ज्या शब्दांना लागूच नव्हता त्यांच्यावर बजावला गेला. आणि ज्याच्या नावावर हे सारे खपले तो लेखक तक्रार करायला जिवंत नव्हता.

हा लेख त्या मुलीवर रागावून लिहिलेला नाही. ती दिवसाला पंचवीस-तीस मजकूर हाताखालून घालते आणि वरून आलेला हुकूम पाळते. माझे भांडण त्या वरून येणाऱ्या हुकमाच्या जातीशी आहे. संगणकावर आणि मोबाईलवर वाचायच्या मराठीसाठी आज लेखनाचे जे नियम निघतात, बदलतात आणि पुन्हा बदलतात, त्यांना तारीख नसते, कारण नसते आणि बहुधा धनीही नसतो. नियम बदलतात ह्याचे मला दुःख नाही. ते कोणालाही न सांगता बदलतात, मागे जाऊन जुन्या लेखनावर हात टाकतात, आणि ह्यात नुकसान वाचकाचे होते, एवढे मला सांगायचे आहे.

नियम बदलल्याने आकाश कोसळते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. माझा जन्म १९५४ सालचा. मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ साली झाली, आणि महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले ते १९६२ साली. म्हणजे मी प्राथमिक शाळेत असतानाच. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘करणें’वरचा ठिपका पुसला गेला. ‘कवि’ आणि ‘गुरु’ शेवटी दीर्घ झाले. माझे वडील शाळामास्तर होते. ते फळ्यावर नवे लेखन लिहीत आणि घरी पोस्टकार्डावर जुने. मी एकदा मोठ्या धिटाईने त्यांची चूक दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “सरकारचा पगार घेतो तिथं सरकारचं लेखन. तुझ्या आजीला लिहितो तिथं माझं.” त्यांनी शेवटपर्यंत ‘नांव’ असेच लिहिले, आणि त्यांच्या पत्रातले एकही अक्षर मला कधी अडले नाही.

त्या काळी ह्या अनुस्वारांवरून मोठी वादळे झाली. ठिपका गेला तर व्याकरण जाईल, व्युत्पत्ती जाईल, असे म्हणणारे विद्वान होते. ठिपका गेला तर खेड्यातल्या पोराच्या पाठीवरची छडी जाईल, असे म्हणणारेही होते. दोन्ही पक्षांनी आपापली बाजू नाव घालून, छापून मांडली. निर्णय झाला तो कुठल्या वर्षी, कोणी केला आणि का केला, हे ज्याला पाहिजे त्याला कळत होते. त्याच्या आधी स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या लिपिसुधारणेला अनुसरून ‘अि, अी, अु, अू’ अशी बाराखडी छापणारी मासिके आपल्याकडे होती. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिपरिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे द्यावी असे ठरवले, आणि पुढे ते मागे घ्यावे लागले. ह्या सुधारणा टिकल्या नाहीत. पण त्या उघड्यावर झाल्या. ज्याने केल्या त्याने छातीवर हात ठेवून सांगितले की ह्या मी केल्या. वाचकाला त्या आवडोत न आवडोत, आपण काय वाचतो आहोत हे त्याला ठाऊक होते.

मी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो तो १९७६ साली. खिडकीशेजारच्या भिंतीवर महामंडळाच्या नियमांचा पुठ्ठ्यावर डकवलेला तक्ता होता, आणि त्याच्याखाली १९७२ साली वाढवलेल्या चार नियमांची पट्टी नंतर चिकटवलेली होती. चौदा आणि चार मिळून अठरा. कंपोझिटरशी वाद झाला की आम्ही दोघेही त्या भिंतीशी जात असू. कधी तो हरे, कधी मी; भिंत मात्र तीच राही. ह्या नियमांतले सारेच मला पटत होते असे नाही. पण खिळे जुळवणारा, प्रूफ तपासणारा, लेखक आणि वाचक ह्या चौघांमध्ये तो एक करार होता, आणि करारात तारीख घालायची असते एवढे व्यवहारज्ञान त्या करणाऱ्यांना होते.

त्या करारात एक कलम असे होते की, आजच्या सुधारकांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावावे. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मूळाप्रमाणेच छापावे. त्यानंतरचे लेखन नव्या नियमांना धरून छापावे. रेघ तिथेच का ओढली, अलीकडे का नाही, ह्यावर वाद घालता येईल, आणि घातला गेलाही आहे. पण रेघ ओढली होती! नवा नियम मागे किती लांबवर जाईल आणि कुठे थांबेल, ह्याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता. आज संगणकावर नियम बदलणाऱ्याला रेघ म्हणून ठाऊक नसते. कळ दाबली की कालचा लेख आणि चाळीस वर्षांपूर्वीचा लेख एकाच वरवंट्याखाली.

आता नव्या नियमांचे नमुने पाहा. निवृत्तीनंतर तीन-चार ठिकाणी मी पडद्यावरच्या मजकुराचे शोधन केले. त्यांतल्या एका ठिकाणी एकाच शब्दाची पाच वर्षांत जी यात्रा झाली ती सांगतो. मी गेलो तेव्हा ‘संकेतस्थळ’ लिहावे असा दंडक होता. वर्षभराने रात्री साडेअकरा वाजता मोबाईलवर निरोप आला की, लोक हा शब्द शोधत नाहीत, तेव्हा उद्यापासून ‘वेबसाईट’. पुढे दुसऱ्या कचेरीतून नवे प्रमुख आले. त्यांच्या आधीच्या कचेरीत ‘वेबसाइट’ होते, म्हणून आमच्याकडेही इकार ऱ्हस्व झाला. अखेरीस कोणाला तरी हा शब्द मथळ्यात लांब वाटला आणि उरली ती नुसती ‘साइट’. ह्या चार हुकमांपैकी एकाचेही कारण आम्हांला कागदावर मिळाले नाही. आज त्या ठिकाणी शोधले तर चारही रूपे सापडतात. कधीकधी एकाच लेखात, शेजारी-शेजारी.

ह्यात कोणते बरोबर, असे मला पुष्कळ जण विचारतात. दोन्ही बाजूंना आधार आहे. अकारान्त मराठी शब्दात उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा हा आपला नियम; ‘वीट’, ‘विहीर’, ‘फूल’ आपण तसेच लिहितो. त्या न्यायाने ‘साईट’. उलट इंग्रजी उच्चारात तो इकार आखूड आहे, म्हणून ‘साइट’. मला विचाराल तर कोणतेही एक घ्या! पण घेतलेले निदान पाच-दहा वर्षे टिकवा, आणि सोडाल तेव्हा सांगून सोडा. पाहुण्या शब्दाला घरात एक नाव द्यावे. रोज नव्या नावाने हाक मारली तर तो ओ देत नाही, हा त्याचा दोष नव्हे.

इंग्रजांच्या मुलखातही हेच चालते, मग आपणच का कुरकुरायचे, असे एक उत्तर मला ऐकवले जाते. जरूर पाहू तिकडे. अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेची लेखनपुस्तिका तिथल्या वृत्तपत्रांत प्रमाण मानली जाते. तिने २०१० साली ‘वेब साइट’ हे दोन शब्द जोडून एक केले, २०११ साली ‘ई-मेल’मधली जोडरेघ काढली, आणि १ जून २०१६ पासून ‘इंटरनेट’चे पहिले अक्षर मोठ्या लिपीतून लहान लिपीत आणले. तिथेही त्यावर कुरकुर झाली. परंतु ह्या प्रत्येक बदलाची जाहीर घोषणा झाली, तो एकेका शब्दापुरता होता आणि कुठल्या वर्षी झाला हे मी इथे घरी बसून सांगू शकतो. माझ्याच गावातल्या कचेरीत ‘संकेतस्थळ’ कोणत्या दिवशी मोडले ते मला मोबाईलवरचे जुने निरोप चाळल्यावाचून सांगता येत नाही. अनुकरणच करायचे तर बदलण्याच्या हौसेचे कशाला, नोंद ठेवण्याच्या शिस्तीचे करा.

“पण काका, शब्द कसाही लिहिला तरी अर्थ कळतो ना?” हा त्याच कचेरीतल्या एका तरुणाचा प्रश्न. तो प्रामाणिक होता, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. कागदावर कळतो, हे खरे. वडिलांचे ‘नांव’ मला कळले, कारण डोळा अनुस्वार पाहून माफ करतो. पण पडद्यावरचा मजकूर डोळ्याने वाचला जाण्यापूर्वी यंत्राने शोधून काढावा लागतो, आणि यंत्राला माफ करायचे शिकवलेले नसले तर ते माफ करत नाही. छापील अंकात शब्द वेगळा लिहिला गेला तर वाचक क्षणभर अडखळे. इथे वाचकाला लेख सापडतच नाही. एवढा हा फरक आहे आणि ‘चालतंय’ म्हणणारे नेमका तोच विसरतात.

ह्याचा अनुभव मला आमच्याच इमारतीत आला. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंच्या मुलाला शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. डॉक्टरांनी सांगितले की ही ॲलर्जी आहे, जपावे लागेल. डॉक्टरांनी इंग्रजीत दिलेला कागद बाईंना नीट उमगेना. मी त्यांना म्हणालो, “अहो, एका डॉक्टरांचा मराठीत फार चांगला लेख आहे ह्यावर. मीच तपासला आहे. काय टाळायचं, कधी धावपळ करायची, सगळं आहे त्यात.” ठिकाण सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “भाऊ, तिथं असा लेखच नाही हो. मी तीनदा शोधला.” मी चकित झालो. माझ्या हाताखालून गेलेला लेख नाही कसा? मी त्यांचा मोबाईल घेतला, त्याच ठिकाणी ‘ॲलर्जी’ लिहून पाहिले, काही नाही. विषयवार यादीतून वीस-पंचवीस लेख मागे गेलो तेव्हा तो सापडला. मथळ्यात ढळढळीत ‘ॲलर्जी’ लिहिलेले होते.

मग हे झाले कसे? त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. संगणकावर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जगातल्या लिप्यांसाठी असे क्रमांक ठरवणाऱ्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिच्या कोष्टकात देवनागरीसाठी जागा पहिल्यापासून होती, पण मराठीचा हा डोक्यावर चंद्र घेतलेला ‘अ’ स्वतंत्र अक्षर म्हणून तिथे २००८ सालापर्यंत नव्हता. हिंदीच्या सोयीचा, ‘ए’वर चंद्र चढवलेला, तेवढा होता. तेव्हा मराठी माणसांनी युक्ती काढली : आधी ‘अ’ लिहायचा, मग त्याच्यावर चंद्राची खूण चढवायची. २००८ साली मराठी ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. पण जुनी युक्ती गेली नाही; कित्येकांच्या बोटांत ती आजही आहे. परिणामी माणसाच्या डोळ्याला अगदी एकसारखी दिसणारी दोन अक्षरे यंत्राच्या लेखी निरनिराळी आहेत. लेख टाइप करणाऱ्याने ‘अ’वर चंद्र चढवला होता, बाईंच्या मोबाईलने एकच तयार अक्षर उमटवले होते. मोठी शोधयंत्रे असले घोटाळे पुष्कळदा सावरून घेतात. त्या ठिकाणची साधी शोधपेटी तेवढी शहाणी नव्हती. आणि ज्याने चाळीस वर्षे प्रुफे तपासली त्या माझ्या डोळ्यांना तो फरक दिसणे शक्यच नव्हते. चूक माझ्या हाताखालून गेली, आणि ती चूक आहे हे मला एका आईने सांगितले.

त्या कचेरीत ‘संकेतस्थळ’ की ‘साइट’ ह्यावर चार हुकूम निघाले, आणि ‘ॲ’ कोणत्या रीतीने टाइप करावा ह्यावर एकही निघाला नव्हता. आजच्या लेखननियमांची ही खरी शोकान्तिका आहे. जिथे नियम नसता तरी वाचकाचे काही बिघडले नसते तिथे तो रोज बदलतो. जिथे नियमावाचून वाचक उपाशी राहतो तिथे कोणाचे लक्ष नाही.

दुसरे उदाहरण ‘र’चे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांतला भेद शाळेत सर्वांनीच शिकला आहे. एकात गुरुजनांना वंदन होते, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना पगार मिळतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांत समुद्र आणि डोंगरकपार एवढे अंतर आहे. मोबाईलवर हा आडवा ‘र’ कसा काढावा हे ज्याला सापडत नाही तो सरळ रफार देऊन मोकळा होतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत दर्या उसळू लागतो. ज्याला काढता येतो तो दोन वेगवेगळ्या रीतींनी काढतो. त्या पुन्हा यंत्राला निराळ्या. इथेही एक साधा, लेखी नियम आणि टाइप करणाऱ्याला पाच मिनिटांचे शिक्षण, एवढ्यावर काम भागते. ते पाच मिनिटांचे शिक्षण मी काम केले तिथे कोणाला मिळालेले मला दिसले नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की सरकार आहे, त्याने पाहावे. सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. वर्णमाला आणि लिपी ह्यांबद्दल महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढला, आणि २०२२ साली सुधारून पुन्हा काढला; त्यात ‘ल’ पाकळीयुक्त असावा आणि ‘श’ देठयुक्त असावा असे सांगितले. मराठी वळणाच्या अक्षरांवर माझे प्रेम आहे. खिळे हाताळलेल्या माणसाला त्याचे अगत्य असणारच. पण पडद्यावर ‘ल’ची पाकळी लेखकाच्या हाती नसते. ‘ल’चा क्रमांक एकच, त्याला मराठी वळण द्यायचे की हिंदी, हे त्या यंत्रातला फॉन्ट ठरवतो. पानाच्या पोटात ‘ही भाषा मराठी आहे’ अशी खूण घातलेली असली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तरच मराठी ‘ल’ उमटतो. म्हणजे शाळामास्तरासाठी केलेला नियम संगणकावर पाळायचा तर तो लेखकाला सांगून उपयोगी नाही. पान बांधणाऱ्या तंत्रज्ञाला सांगायला हवा. नियम ज्याला पाळता येतो त्याच्या कानावर तो घालणे, हे नियम करणाराचे अर्धे काम आहे.

माझ्या ह्या बोलण्याने दोन पक्ष रागावतील, हे मला ठाऊक आहे. एक शुद्धिवाद्यांचा. त्यांना अठरा नियम वेदांसारखे अपौरुषेय वाटतात आणि एखादा ऱ्हस्व चुकला की मराठीचे श्राद्ध घालायला ते दर्भ घेऊन बसतात. त्यांना मी नम्रपणे सांगतो की, ते नियम माणसांनी केले, आधीचे मोडून केले, आणि दहा वर्षांत त्यांत चारांची भर घातली. दुसरा पक्ष स्वैरवाद्यांचा. भाषा म्हणजे वाहती नदी, तिला बांध कसले, असे तो म्हणतो. नदीची उपमा मला मान्य आहे. पण नदीला काठ असतात म्हणून ती नदी, काठ फुटले की त्याला आपण पूर म्हणतो आणि पुराच्या पाण्यात प्यायला पाणी मिळत नाही. आणि ह्या स्वैरवाद्यांना एक मौज दिसत नाही. त्यांनी नियम सोडला म्हणून नियम नाहीसा झाला नाही. तो त्यांच्या मोबाईलने उचलला. आपण दोन अक्षरे लिहितो तोच यंत्र पुढचा शब्द सुचवते, आणि घाईतला लेखक तोच स्वीकारतो. महामंडळाचे नियम नकोत म्हणणारा ज्याने ते यंत्र घडवले त्याचे नियम निमूट पाळतो आहे, आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो आहे!

तेव्हा करावे काय? माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. मराठीत मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक कचेरीने आपले लेखननियम एका ठिकाणी लिहावेत आणि ते वाचकालाही पाहता येतील असे ठेवावेत. प्रत्येक नियमापुढे तो कधी केला ती तारीख आणि का केला ते एका ओळीत कारण असावे. कारण लिहिता येत नसेल तर तो नियम करू नये. बदल करायचे ते वर्षातून एकदाच करावेत. दिवाळीला घर झाडतो तसे एकदा झाडावे. रोज रात्री साडेअकराला केरसुणी काढू नये. जुन्या लेखनावर यंत्राचा हात फिरवू नये. नव्या वाचकाच्या सोयीसाठी फिरवावाच लागला, तर मूळ प्रत शेजारी ठेवावी आणि लेखाखाली ‘लेखन अमुक तारखेस बदलले’ एवढे लिहावे. आणि अक्षरे टाइप करण्याची रीत, म्हणजे ‘ॲ’ कसा, आडवा ‘र’ कसा, ही ऱ्हस्वदीर्घाच्या आधी ठरवावी. कारण ऱ्हस्वदीर्घ चुकला तर वाचक हसतो, ही रीत चुकली तर वाचक परत जातो.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले; मीही दोन खाल्ले. पण भाषेचा मान दर्जाच्या कागदावर राहत नाही. तिच्यात लिहिलेले आज लिहिणाऱ्याच्या नातवाला उद्या सापडेल की नाही, आणि सापडले तर ते आजोबांनीच लिहिलेले असेल की मधल्या कोण्या मार्च महिन्यात यंत्राने दुरुस्त केलेले असेल, ह्यावर तो ठरतो. वडिलांची पोस्टकार्डे माझ्या ट्रंकेत आहेत. त्यांवरचे अनुस्वार अजून जागच्या जागी आहेत. ते पुसण्याचा अधिकार १९६२ च्या नियमांनी मला दिला नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही.

त्या मुलीने ‘पाहाट’ दुरुस्त केली. मी गेल्यावर दोन दिवसांनी तिचा फोन आला : “काका, पहाट, पहारा, पहाड, सगळं परत केलं. अजून कुठं असेल तर सांगा.” मी तिचे मनापासून आभार मानले. मग दुसऱ्या एका लेखकाचे जुने लेख उघडून बसलो. आतापर्यंत सोळा ‘पाहाटा’ सापडल्या आहेत. यादी करतो आहे. यादीवर तारीख घातली आहे.